खंडेनवमीला थांबलेला पंप

नवमीच्या सकाळी मी नाश्त्याचे गरम बडे, म्हणजे वडे, घेऊन लॅबमध्ये परत आलो, तर पंपाच्या गळ्यात झेंडूचा हार होता, कपाळावर हळदीकुंकू होतं (पंपाला कपाळ असतं हे मला त्या दिवशी कळलं), समोर उदबत्ती जळत होती, आणि पंप बंद होता.

हार, कुंकू, उदबत्ती, सगळं चाललं असतं. बंद पंप चालण्यासारखा नव्हता.

"काका, पंप काहून बंद हाय?"

दिवाकर काकांनी ओठावर बोट ठेवलं. "हळू बोल. आज त्याची सुट्टी. खंडेनवमी हाय ना बे. नारळ फुटला का करतो चालू."

"कवापासून बंद हाय?"

"आंघोळ घातली, पुसलं, हार ओवला. झाला असन थोडा टाइम."

"आंघोळ?"

"ओल्या फडक्यानं. मी का येडा हाओ, करंट लागन मले."

त्यांनी शांतपणे नारळ फोडला. मी बड्यांची पुडी हातात धरून तसाच उभा राहिलो आणि जिच्या पीएचडीचा प्रयोग त्या पंपावर चालू होता त्या शर्मिष्ठाला फोन कसा करायचा याचा विचार करू लागलो.

दिवाकर वैरागडे आमच्या लॅबचे टेक्निशियन. त्यांचे वडील पवनीहून रायपूरला रेल्वेच्या वॅगन वर्कशॉपमध्ये आले आणि इथलेच झाले. दिवाकर काकांनी आयटीआय केलं, फिटर झाले आणि रायपूरजवळच्या उरला या कारखान्यांच्या भागात एका रोलिंग मिलमध्ये लागले. लाल तापलेली सळई सापासारखी धावत यायची, ती चिमट्यानं पकडून पुढच्या रोलात घालायची, असं काम तिथं चालायचं. ते करता करता त्यांचा डावा कान गेला. पुरता गेला नाही. कोणती गोष्ट त्या बाजूनं ऐकायची हे ते स्वतः ठरवतात. सर रागावले की डावा कान पुढे येतो, चहाचं नाव निघालं की उजवा.

मिल बंद पडली तेव्हा कोणाच्या तरी ओळखीनं ते आमच्या कॉलेजात आले. तेलीबांध्यावरून नवा रायपूरकडे जाताना जी इंजिनिअरिंग कॉलेजं लागतात, त्यांतलं हे एक. इमारत मोठी, झाडं लहान. मी इथं प्रोजेक्ट असिस्टंट, म्हणजे पगार कमी आणि नाव इंग्रजीत. आमगावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून निघून एम.एस्सी. केमिस्ट्रीपर्यंत पोचलेला माणूस आणखी काय होणार? काका मला पोट्टाच म्हणतात. पाहुण्यांसमोर 'पुष्कर सर' म्हणतात, आणि ते जास्त झोंबतं.

आमच्या लॅबमध्ये काय चालतं हे काकांनी त्यांच्या बायकोला, शांताबाईंना, एकदा असं सांगितलं होतं: "दगडातून तेल काढतो." शांताबाई म्हणाल्या होत्या, "आणि घरी किराण्याचं तेल आणाले सांगतलं तं विसरता."

खरं म्हणजे काकांची व्याख्या बरोबर आहे. जमिनीखालचं तेल विहिरीतल्या पाण्यासारखं साठून असतं, असं मला बरीच वर्षं वाटायचं. तसं नसतं. विटेत पाणी मुरावं तसं ते दगडात मुरलेलं असतं. विहीर खोदली की थोडं आपसूक वर येतं. मग बाजूच्या विहिरीतून पाणी दाबून आणखी थोडं काढतात. पुढे अशी वेळ येते की दाबलेलं पाणीच तेवढं परत येतं. तेल आत असतं, पुष्कळ असतं, पण पाण्याला एकदा रुंद वाट सापडली की ते तिथूनच पळतं. अरुंद गल्लीतल्या तेलाकडे ढुंकून पाहत नाही. या पाण्याला वळण लावायचं म्हणून त्यात रसायनं मिसळतात. पॉलिमर घातलं की पाणी खळीसारखं दाट होतं. सोबत आणखी एक औषध घातलं की तेच द्रावण काही तासांनी जेल बनतं आणि रुंद वाट बुजवून टाकतं. मग मागून येणारं पाणी झक मारत गल्लीत शिरतं आणि अडकलेल्या तेलाला पुढे ढकलतं.

सगळी करामत वेळेची आहे. द्रावण पातळ असताना दगडात जायला हवं आणि आत गेल्यावर घट्ट व्हायला हवं. मधेच पंप थांबला तर ते नळीतच बसतं, नाहीतर दगडाच्या तोंडाशी बसतं, आणि दगड बूच मारलेल्या बाटलीसारखा होतो.

आणि त्या दिवशी आत होता तो दगड साधा नव्हता. आधीचे सगळे प्रयोग आम्ही शिवनाथ नदीची वाळू नळीत ठासून केले होते. परीक्षकांनी लिहून पाठवलं, खऱ्या विहिरीतला दगड घ्या. शर्मिष्ठा देहनकरनं एका तेल कंपनीकडे अर्ज-विनंत्या करून बोटभर लांबीचा एक कोर उसना मिळवला. कोर म्हणजे खोल जमिनीतून काढलेला दगडाचा गोल तुकडा. दसरा झाला की तो परत द्यायचा होता. काका त्याला पाहुणा म्हणत. पाहुण्याला कंपनीच्या तेलात भिजवून झालं होतं, पाणी ढकलून निघेल तेवढं तेल काढून झालं होतं, आणि आता शेवटची फेरी, जेलची, सुरू होती. ती झाली की शर्मिष्ठाचा प्रबंध पुरा. ती नीट झाली नाही तर दुसरा दगड मिळणार नव्हता. तिनं पीएचडीत इतकी वर्षं घातली होती की तिच्या घरचे आता लग्नाबद्दलही विचारत नव्हते.

रात्रभर पंपाशी बसून ती सकाळी आंघोळीला तेलीबांध्याच्या घरी गेली होती. आमच्या भरवशावर. मी नाश्त्याला गेलो, काकांच्या भरवशावर. आणि काका देवाच्या भरवशावर.

फोन करायची गरज पडली नाही. ती दारातच उभी होती, ओले केस तसेच बांधून.

"पंप की आवाज़ क्यों नहीं आ रही?"

शर्मिष्ठाला मराठी सगळं कळतं. तिची आजी तिच्याशी मराठीतच भांडते. पण ही उत्तर हिंदीत देते, रागातसुद्धा.

"मी बंद केला," काका म्हणाले. "पूजेसाठी. आता करतोच चालू. प्रसाद घ्या."

तिनं प्रसाद घेतला नाही. हाराकडे पाहिलं, मग ओव्हनच्या काचेतून आत ठेवलेल्या पाहुण्याकडे. "ओवन?"

"ओव्हन बंद नाही केला," काका अभिमानानं म्हणाले. "मले मालूम हाय ना, तो बंद नाही करायचा. तुम्हीच सांगतलं होतं."

ती हसली, आणि ते हसणं मला अजिबात आवडलं नाही. जेलला बसायला गरमीच लागते. काकांनी ओव्हन बंद केला असता तर द्रावण पातळ राहिलं असतं. त्यांनी नेमकी तीच एक सूचना काटेकोर पाळली होती.

"काका, पहले तो कितनी बार बंद किया हमने इसको," ती हळू म्हणाली, "बोतल बदलते टाइम. तब पानी था. आज पानी नहीं है इसमें."

काकांचा चेहरा तेव्हा बदलला. पाणी आणि हे, दिसायला सारखंच. दोन्ही पारदर्शक, दोन्ही एकाच नळीतून जाणारं. पाण्याचा पंप थांबवला, सुरू केला, काही बिघडत नाही, हे त्यांनी आमच्याकडूनच पाहून शिकलेलं होतं.

मी पुढच्या वाक्याची वाट पाहत होतो, की असले देवधर्म घरी करा. ते वाक्य आलं नाही. तिनं हार काढून बाजूला ठेवला आणि पंप सुरू केला.

दाबाचा काटा वर चढायला लागला. चढायलाच हवा होता, थोडा. दुसऱ्या टोकाला, दगडातून बाहेर येणाऱ्या नळीखाली मापाची काचेची नळी लावलेली होती. तिच्यात काहीच पडत नव्हतं. काटा चढतच गेला. पंप तोच सूर लावून घरघरत होता आणि काचेची नळी कोरडी. काटा लाल पट्टीच्या तोंडाशी आला तेव्हा शर्मिष्ठानं पंप बंद केला.

उदबत्तीची राख पडली.

"नली जाम है," ती म्हणाली. "या पत्थर. पता नहीं कौन."

"ब्लीच सोडून पाहू का?" मी म्हणालो. "जेल तं विरघळन."

"जेल भी जाएगा और पत्थर के अंदर का सब कुछ भी जाएगा. फिर वो किस काम का? तेरे आमगाँव में दरवाज़ा अटकाने के?"

ती चिडवायला लागली म्हणजे तिचं डोकं चालायला लागलं, एवढं मला माहीत होतं. तिनं ओव्हन उघडला, आतली मांडणी न्याहाळली आणि भराभर ठरवलं. दगड एका जाड स्टीलच्या नळकांड्यात रबरी म्यानात बसवलेला. म्यानावर बाहेरून तेलाचा दाब, तो हातपंपानं धरून ठेवायचा, म्हणजे रबर दगडाला चिकटून राहील. दगडाच्या तोंडाशी एक व्हॉल्व्ह, शेपटीशी एक. दोन्ही बंद करायचे. मग पंपाकडून येणारी, रिफिलएवढी बारीक स्टीलची नळी सोडवून फेकून द्यायची आणि नवी लावायची. दगडाच्या तोंडाशी जेल बसली नसली, तर वाचलो.

"मी खोलतो," काका पुढे झाले.

"नहीं. काका, आप रहने दो. आप हाथ मत लगाओ."

ती त्यांच्या उजव्या बाजूला उभी होती.

काका दोन पावलं मागे सरले. आठ वर्षांपासून त्या लॅबमधला प्रत्येक नट त्यांच्या हातचा होता. मी माझ्या चपलांकडे पाहत राहिलो.

आता पाना हवा होता. पाने होते, पण कुठे? टेबलावर लाल कापड अंथरून काकांनी सगळी हत्यारं मांडली होती. लहानापासून मोठ्यापर्यंत पाने, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, व्हर्निअर, आणि कहर म्हणजे एक थर्मामीटर. प्रत्येकाला हळदीकुंकू, प्रत्येकावर अक्षता. शर्मिष्ठाचा हात त्या कापडापाशी जाऊन थांबला. शिकलेली पोट्टी, दोन परदेशी जर्नलांत नाव छापून आलेलं, पण घरी आजी आहे.

"काका, एक पाना दे दो."

"उद्या," काका म्हणाले. "आज हत्यार उचलत नाही."

"कल तक ये पत्थर हो जाएगा."

"तो तं दगडच हाय," काका म्हणाले. माझ्या तोंडून हसू फुटलं. बाकी कोणी हसलं नाही, म्हणून मीही थांबलो.

काका भिंतीकडे पाहत बोलायला लागले, आमच्याशी नाही. "मिलमधी वर्षातून एकच दिवस मशीन थांबे. मालक लय कडक, पण ह्या दिवशी तोही हात जोडे. सगळे जण डबा घेऊन रोलाजवळ बसो. एकमेकाचं बोलणं ऐकू ये. बाकीच्या दिवशी आम्ही नुसते हातवारे करो. माहा कान गेला त्याच्यानंतरही त्या दिवशी मले ऐकू ये. तिथं कोणी हत्याराले हात लावला असता तं लोकाइनं मारला असता." मग आवाज उतरवून म्हणाले, "तुमचं नुकसान माह्यानंच झालं. मी नाही म्हणत नाही. पण मले तेवढं सांगू नका."

शर्मिष्ठानं त्यांच्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, मग माझ्याकडे. "पुष्कर. तेरी गाड़ी में टूल किट है?"

होतं. माझ्या बाइकच्या सीटखालचा पाना, ज्याची पूजा कोणीच केली नव्हती, माझ्या वडिलांनीसुद्धा नाही. मी धावत जाऊन आणला. तो थोडा मोठा पडला. शर्मिष्ठानं एका फडक्याची घडी मधे घालून तो नटावर बसवला आणि जोर लावला. नट हलला नाही. तिनं पुन्हा जोर लावला. पाना घसरला, तिची बोटं नळकांड्यावर आपटली, आणि एक बारीक कर्रकन आवाज आला.

मी टॉर्च धरली. नटाचा एक कोपरा गुळगुळीत झाला होता.

असे आणखी एक-दोन कोपरे गेले की कुठलाच पाना त्याला पकडू शकणार नव्हता. मग नळी कापावी लागली असती, आणि कापताना दगडाला हिसका बसला असता. शर्मिष्ठानं हात झटकले, पाना पुन्हा बसवला. तिच्या नखाखाली रक्त साकळलं होतं.

"थांबा," काका म्हणाले.

तिनं ऐकलं नाही.

"थांब ना वं पोरी. नट मरून राहिला तो."

ते तिच्याशी कधी असं बोलले नव्हते. 'तुम्ही' सोडून. ती थांबली. काका ओव्हनशी आले, वाकून नटाकडे पाहिलं, आणि मी खात्रीनं सांगतो, दगडासाठी किंवा पीएचडीसाठी त्यांचा जीव इतका तुटला नव्हता जितका त्या झिजलेल्या कोपऱ्यासाठी तुटला. फिटरला नट असा घासताना बघवत नाही. ते लाल कापडापाशी गेले. उभ्यानंच हात जोडले. ओठ हलले, काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. थोड्या अक्षता उचलून हत्यारांवर टाकल्या, कापडाचं टोक धरून, विसर्जनाला हलवतात तशी, सगळी मांडणी किंचित हलवली आणि मधला एक पाना उचलला. त्याच्या मुठीवरचं कुंकू त्यांच्या तळव्याला लागलं.

"दोन्ही व्हॉल्व्ह बंद हाय?" त्यांनी शर्मिष्ठाला विचारलं.

"दोनों बंद. पर पंप की तरफ़ प्रेशर अटका होगा. पहले वो छोड़ना पड़ेगा, थोड़ा-थोड़ा. पुष्कर, तू हैंडपंप पकड़. म्यान का काँटा नीचे गया तो बोल."

"किती खोलू?"

"मैं बोलूँगी."

मी हातपंपाचा दांडा धरला. माझ्या काट्याशिवाय मला काही पाहायचं नव्हतं, तरी डोळा तिकडेच जात होता. काकांनी पाना लावला. तो बसला तो जणू नटाबरोबरच जन्मल्यासारखा. "थोड़ा," ती म्हणाली. नट हलला. फिस्स असा आवाज झाला आणि सांध्यातून चिकट द्रावण काकांच्या मनगटावर उडालं. "रुको." काका थांबले. माझा काटा खाली गेला.

"उतरून राहिला," मी म्हणालो.

"तो पंप मार ना. कविता क्यों सुना रहा है."

मी दांडा मारला. काटा सावरला. "और थोड़ा," ती म्हणाली. असं बराच वेळ चाललं. ती सांगे, काका फिरवत, मी घामाघूम. शेवटी नळी सुटली. शर्मिष्ठानं तिच्या एका टोकात सिरिंजनं हवा मारली, तर दुसऱ्या टोकातून काचेसारखी पारदर्शक शेवई बाहेर आली, लांबच लांब, न तुटता. नळी पूर्ण जाम होती.

"आता व्हॉल्व्हच्या पलीकडलं," काका म्हणाले.

खरा प्रश्न तोच होता. व्हॉल्व्हपासून दगडाच्या तोंडापर्यंत जाड स्टीलमधून गेलेला एक छोटासा बोगदा होता. तिथंही अशीच शेवई बसली असेल, तर दगडाचं तोंड शिवलेलं. शर्मिष्ठानं व्हॉल्व्ह उघडून बारीक सुई आत घातली. डोळे मिटून ती सुईच्या टोकाशी काय लागतं ते पाहत होती. मी आणि काका तिच्या चेहऱ्याकडे पाहत होतो.

"नरम है," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "बहती नाक जैसा." नशीब म्हणायचं, तिथली जेल अजून अर्धवटच बसली होती. तिनं सिरिंज लावून जमेल तेवढी ओढून काढली. पुसून तीन-तीनदा पाहिली. काकांनी नवी नळी, नवा नट लावला. शर्मिष्ठानं उरलेलं द्रावण पाठवायचं नाही असं ठरवलं. जेवढं आत गेलं तेवढं गेलं, आता मागून साधं पाणी.

दोन्ही व्हॉल्व्ह उघडले, पंप सुरू झाला. काटा पुन्हा चढू लागला.

या वेळी कोणी कुठे पाहायचं हे आपोआप ठरलं. शर्मिष्ठाचा हात स्विचवर आणि डोळे काट्यावर. मी काचेच्या नळीसमोर उकिडवा. काका दोघांकडे पाठ करून, खिडकीतून बाहेर, रिकाम्या पार्किंगकडे. काटा सकाळच्या जागेच्या वर गेला. लाल पट्टीच्या तोंडाशी आला. शर्मिष्ठाचं बोट स्विचवर दाबल्यासारखं झालं आणि तिथंच राहिलं.

"बंद कर," मी म्हणालो.

"रुक."

काटा पट्टीत शिरला, कणभर. तिथं थरथरला. मग किंचित मागे आला आणि थांबला. काचेच्या नळीच्या तोंडाशी काहीतरी फुगत होतं. मला वाटलं माझ्या डोळ्यांतला घाम असेल. ते फुगलं, लोंबलं, आणि पडलं.

"पाणी," मी म्हणालो. "पाणी आलं."

शर्मिष्ठा धापकन स्टुलावर बसली. काकांनी वळून पाहिलं नाही, फक्त विचारलं, "नुसतं पाणी?"

"सध्या नुसतं पाणी."

तेवढ्यात सरांचा, म्हणजे शर्मिष्ठाच्या गाइडचा, फोन आला. ते दसऱ्यासाठी वर्ध्याला गेले होते. शर्मिष्ठानं स्पीकर लावला. सरांनी पहिलंच विचारलं, कसं चाललंय. मी हातवारे करून तिला सांगितलं, लाइट गेली होती म्हणून सांग. उरला-भनपुरीपासून इथपर्यंत कुठेही लाइट गेली म्हटलं तर कोण अविश्वास दाखवणार?

काकांनी माझे हातवारे पाहिले. मिलमध्ये आयुष्य काढलेल्या माणसासमोर हातवाऱ्यांनी खोटं बोलायचं नसतं, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. ते फोनजवळ आले. "सर, लाइट गेली नोती. मी पंप बंद केला होता. खंडेनवमीचा."

मग सरांचा आवाज, अगदी सपाट: "किती वेळ?"

काकांनी शर्मिष्ठाकडे पाहिलं. तिनं सगळं सांगितलं, ओव्हनसकट, शेवईसकट. स्लग, म्हणजे जेलच्या द्रावणाचा घोट, अर्धाच गेला असेल, हेही. "जे झालं ते तसंच लिही," सर म्हणाले. "थांबला, इतका वेळ थांबला, का थांबला. परीक्षक विचारतील. तेव्हा उत्तर तुला द्यावं लागेल, मला नाही. वैरागडे, तुमच्याशी मी आल्यावर बोलतो."

"हव सर," काका म्हणाले. फोन डाव्या कानाला नव्हता, स्पीकरवर होता. चुकवायची सोय नव्हती.

फोन ठेवल्यावर मी पुन्हा नळीसमोर बसलो. थेंब पडत होते, पाण्याचे, एकसारखे. शर्मिष्ठा वाकून माझ्या खांद्यावरून पाहत होती. तिला अर्ध्या स्लगचा अर्थ आमच्यापेक्षा चांगला कळत होता. रुंद वाट पुरती बुजली नसेल, तर दुपारपर्यंत हे असंच पाणी पडत राहणार, आणि संध्याकाळीही.

मग एका थेंबाला तपकिरी कड आली. मी डोळे बारीक केले. पुढचा थेंब साधा. त्याच्या पुढचा पुन्हा तपकिरी कडेचा, आणि त्यातून एक केसाएवढा तपकिरी धागा सुटून काचेत वर तरंगला.

"दिखा?" शर्मिष्ठानं विचारलं. आवाज अगदी बारीक.

"दिसला."

"काका, तेल."

काका आले, वाकले, पाहिलं. त्यांची नजर काचेवरून नळीवर गेली, नळीवरून ओव्हनमध्ये, नव्या नटावर. तिथं सांध्याला पाण्याचा एक मणी जमत होता. ते लाल कापडापाशी गेले, पाना उचलला, या वेळी हात न जोडता, आणि ओव्हनमध्ये वाकून नट चिमूटभर आवळला. मणी पुसला. बोट लावून वाट पाहिली. पुन्हा जमला नाही.

शर्मिष्ठानं वळून पाहिलंसुद्धा नाही. ती काचेवरचे आकडे वाचत होती आणि मला लिहायला सांगत होती.